वाईनवरची साय

लोणच्याच्या खारावर पांढरी साय धरली की बरणी गेली, असं आपण धरून चालतो. दक्षिण स्पेनमधल्या हेरेस दे ला फ्रोंतेरा गावात मात्र वाईनवर अशीच साय यावी म्हणून देवळाएवढ्या उंच कोठ्या बांधल्या आहेत. अरब अमलात या गावाचं नाव शेरिश होतं. इंग्रजांची 'शेरी' त्यावरूनच आली.

सायीचं तिथलं नाव 'फ्लोर', म्हणजे फूल. पाव फुगवणाऱ्या यीस्टचीच ही प्रजाती. पालोमिनो द्राक्षाच्या रसातली साखर संपली की यीस्ट उपाशी पडतं. एरवी ते तळाला बसून मरतं. यीस्टच्या इथल्या वाणांत मात्र एफएलओ11 हे जनुक जागं होतं, पेशीच्या भिंतीवर पाणी झिडकारणारं प्रथिन येतं, पेशी एकमेकींना चिकटतात आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे धरून वर तरंगतात. वर ऑक्सिजन मिळतो, आणि तो मिळाला की अल्कोहोल आणि ग्लिसरॉलवरही गुजराण होते. ग्लिसरॉल गेल्याने वाईन खडखडीत कोरडी लागते. अल्कोहोलचं असिटाल्डिहाइड होतं. सायीखाली मुरलेल्या शेरीला फिनो म्हणतात; तिचा तो तिखट वास याचाच. खाली ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून रंग फिकट राहतो.

सगळी मेख प्रमाणात आहे. 600 लिटरच्या ओक पिपात 500 लिटरच भरायचे, म्हणजे सायीला हवा मिळते. द्राक्षाचा स्पिरिट घालून अल्कोहोल 15 टक्क्यांवर आणायचं: त्याखाली व्हिनेगरचे जिवाणू माजतात, 17 च्या वर साय मरते आणि वाईन तपकिरी होते. (तीच मुद्दाम केली की ओलोरोसो नावाची शेरी.) उन्हाळ्यात साय विरळ होते, म्हणून अटलांटिकच्या वाऱ्याकडे खिडक्या, त्यांवर गवती चटया आणि मातीच्या जमिनीवर पाण्याचा शिडकावा.

सायीला अन्नही नवं लागतं. म्हणून पिपांचे थर. सगळ्यात जुन्या, तळच्या थरातून, म्हणजे सोलेरातून, एका वर्षात फार तर तिसरा हिस्सा काढायचा, तेवढीच भर वरच्या थरातून घालायची. भोकांच्या नळीने, सायीखाली, सावकाश. धार वरून पडली तर साय फाटते. चव पाहणाराही वेनेन्सिया नावाची लांब दांड्याची अरुंद वाटी सायीतून अलगद उतरवतो.

बाटलीवर सोलेराचं स्थापनावर्ष छापलेलं दिसलं तर तेवढ्यावर भाळू नका. दरवर्षी तिसरा हिस्सा काढला तर तळच्या 500 लिटरच्या पिपात पहिल्या दिवशी भरलेल्या वाईनपैकी 10 वर्षांनी साधारण 9 लिटर उरते, आणि 50 वर्षांनी थेंबभरही नाही.