रेडियम शिल्लक, उजेड गुल

शंभर वर्षांपूर्वीच्या घड्याळांच्या काट्यांना रेडियमचा रंग लावत. त्यातलं एखादं आज अंधारात धरलं, तर बहुधा काहीच चमकत नाही. रेडियम संपलं म्हणावं, तर ते निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. मग संपलं काय?

मुळात चमकत होतं ते रेडियमसोबत कालवलेलं झिंक सल्फाइड. ते फॉस्फर आहे, म्हणजे कणांचा मारा झाला की उजेड देणारा पदार्थ. रेडियमचं काम अल्फा कण फेकण्याचं. अल्फा कण म्हणजे दोन्ही इलेक्ट्रॉन गमावलेला हेलियमचा अणू, थोडक्यात हेलियमचा आयन. सेकंदाला सुमारे १५ हजार किलोमीटर वेगानं तो स्फटिकात घुसतो आणि केसाच्या जाडीहूनही कमी अंतरात थांबतो. तेवढ्यात लाखो इलेक्ट्रॉन जागचे सुटतात. मोकळे झालेले हे इलेक्ट्रॉन आणि त्यांच्या रिकाम्या जागा पुन्हा एकत्र आल्या, की उरलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. त्यासाठी स्फटिकात चिमूटभर भेसळ लागते (इथे भेसळीला मान आहे!). चांदीची असेल तर निळा उजेड, तांब्याची असेल तर हिरवा.

एकेका आयनाची ठिणगी भिंगातून डोळ्यांना दिसते, हे १९०३ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी दाखवलं. १९०९ मध्ये मँचेस्टरला भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्ड यांचे सहकारी गायगर आणि विशीतला विद्यार्थी मार्सडेन अंधाऱ्या खोलीत बसून अशाच ठिणग्या मोजत होते. डोळे अंधाराला सरावेपर्यंत नुसतं बसून राहायचं, मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. प्लॅटिनमच्या पत्र्यावर आदळलेल्या सुमारे ८००० कणांतला एक उलटा फिरत होता. या कंटाळवाण्या मोजदादीतूनच रदरफर्ड अणुकेंद्रापर्यंत पोचले.

पण आयन उजेड देतो तसाच स्फटिक मोडतोही. वेग मंदावला, की तो इलेक्ट्रॉनांऐवजी थेट अणूंनाच धक्के देऊन जागचे हलवतो. अशा मोडक्या जागी इलेक्ट्रॉन अडकतात आणि त्यांची ऊर्जा प्रकाश न होता उष्णता होऊन जाते. काट्यांवर हा मारा अहोरात्र चालू असतो. काही वर्षांत फॉस्फर निकामी होतो. किरणोत्सार मात्र तसाच राहतो, म्हणून असं घड्याळ कुतूहलानं उघडू नये.

जुन्या टीव्हीच्या पडद्यावरही फॉस्फरच, पण तिथे मारा इलेक्ट्रॉनांचा. ते इतके हलके, की अणू हलवायची त्यांची ताकद नाही. तरी सुरुवातीच्या पिक्चर ट्यूबमध्ये त्यांच्यासोबत थोडे ऋण आयनही सुटत. जड असल्यानं चुंबकानं ते फारसे वळत नसत. पडद्याच्या मधोमध आदळून तिथे काळपट डाग पाडत. म्हणून मग इलेक्ट्रॉन सोडणारी नळी मुद्दाम वाकडी बसवू लागले: इलेक्ट्रॉन चुंबकानं वळून पडद्याकडे जायचे, आयन नळीतच धडकून थांबायचे. पुढे पडद्यामागे आयन अडवणारा ॲल्युमिनियमचा पातळ थर आला आणि ही कसरत उरली नाही.