मेरुरज्जूच्या इजेवरील उपचारांचे संशोधन

कण्याच्या पोकळीतून जाणाऱ्या मेरुरज्जूला मार बसून किंवा तो दबून इजेच्या पातळीखालची हालचाल, संवेदना आणि मलमूत्रावरचा ताबा अंशतः किंवा पूर्णपणे जातो, तेव्हा त्याला मेरुरज्जूची इजा म्हणतात. मणका मोडणे आणि रज्जूला इजा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मणका मोडूनही रज्जू शाबूत राहू शकतो. उलट, उतारवयात मानेच्या कण्याची पोकळी आधीच अरुंद झालेली असेल, तर एकही हाड न मोडता साध्या पडण्याने हातपाय लुळे पडू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दीड कोटीहून अधिक लोक अशा इजेसह जगत आहेत. तुटलेला रज्जू सांधून पूर्ववत करणारा सिद्ध उपचार अजून नाही. म्हणून या संशोधनाचा इतिहास बऱ्याच अंशी फसलेल्या चाचण्यांचा आहे. पण त्या कशा फसल्या हे समजून घेतल्याशिवाय आजच्या दाव्यांची पारख करता येत नाही.

आधी जगवणे

इ. स. पू. सतराव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या आणि एडविन स्मिथ पपायरस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इजिप्शियन वैद्यकग्रंथात मानेचा मणका निखळून हातपाय गेलेल्या रुग्णाचे वर्णन आहे. त्यापुढे शेरा आहे : या आजारावर उपचार करू नये. पहिल्या महायुद्धापर्यंत परिस्थिती फारशी निराळी नव्हती. बहुसंख्य जखमी सैनिक रज्जूच्या इजेने नव्हे, तर मूत्रमार्गाच्या संसर्गाने आणि शय्याव्रणांतून (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांतून) पसरलेल्या विषबाधेने काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत.

हे चित्र पालटले ते औषधाने कमी आणि शिस्तीने जास्त. जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू मेंदूविकारतज्ज्ञ लुडविग गटमान यांनी १ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. दिवसरात्र दर दोन तासांनी रुग्णाला कुशीवर वळवायचे, मूत्राशय नियमाने रिकामे करायचे, जमेल तितक्या लवकर बसवायचे आणि कामाला लावायचे, असा त्यांचा खाक्या होता. २९ जुलै १९४८ रोजी तेथेच चाकाच्या खुर्चीतील खेळाडूंची तिरंदाजी स्पर्धा झाली आणि तिच्यातूनच पुढे पॅरालिंपिक चळवळ उभी राहिली. लघवीची नळी कायम न ठेवता ठराविक वेळाने घालून काढण्याची पद्धत गटमान यांच्या विभागाने निर्जंतुक रीतीने रुजवली. १९७२ मध्ये जॅक लॅपिडीस यांनी दाखवले की रुग्णाने घरी नुसते स्वच्छ हात धुऊन ती घातली तरी चालते. मूत्रपिंडे वाचवून आयुष्य वाढवणाऱ्या या साध्या बदलाला वर्तमानपत्री मथळे कधी मिळाले नाहीत.

शय्याव्रण

संवेदना गेलेल्या जागी त्वचा हाड आणि बिछाना यांच्यात चेपली जाते. रक्तपुरवठा तुटतो, आणि एरवी आपल्याला नकळत कूस बदलायला लावणारी कळ रुग्णाला येतच नाही. माकडहाडाचा भाग, बैठकीची हाडे आणि टाचा या नेहमीच्या जागा. दाबूनही न जाणारी लाली ही पहिली पायरी, तर हाड किंवा स्नायू उघडे पडणे ही चौथी. वरून लहान दिसणाऱ्या भोकाखाली मोठी पोकळी असू शकते, कारण नुकसान बरेचदा हाडालगतच्या खोल ऊतकांतून सुरू होते.

या क्षेत्रातले एक निरीक्षण आवर्जून नोंदवण्यासारखे आहे. खुर्चीतील रुग्णांना हातांवर जोर देऊन काही सेकंद अंग उचलायला शिकवले जाई. त्वचेतील प्राणवायू मोजल्यावर दिसले, की दाबलेल्या ऊतकात तो पूर्ववत व्हायला सरासरी जवळपास दोन मिनिटे लागतात, आणि इतका वेळ कोणी स्वतःला हातांवर तोलू शकत नाही. म्हणून आता पुढे वाकणे, एका बाजूला कलणे किंवा खुर्ची मागे झुकवणे यांवर भर असतो. एखादी सवय वर्षानुवर्षे शिकवली गेली म्हणजे ती तपासली गेली असे नाही, याचा हा नमुना. खोल व्रणांवर स्नायू-त्वचेचा पदर फिरवून शस्त्रक्रिया करतात, पण बसण्याची पद्धत न बदलल्यास व्रण पुन्हा उमटतो. जखमेतून हवा ओढून घेणारी उपकरणे सर्रास वापरली जातात, मात्र शय्याव्रणांपुरता त्यांचा पुरावा कच्चा आहे. विजेच्या सौम्य प्रवाहाने व्रण भरण्यास मदत होते, याचा आधार त्या मानाने बरा आहे. अभिनेते ख्रिस्तोफर रीव्ह यांना १९९५ मध्ये घोड्यावरून पडून इजा झाली. रज्जू-संशोधनासाठी त्यांच्याइतका निधी आणि लक्ष क्वचितच कोणी खेचले असेल. २००४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांच्यावर शय्याव्रणाच्या संसर्गाचे उपचार चालू होते.

स्टेरॉइडचा वाद

१९११ मध्ये आल्फ्रेड ॲलन यांनी कुत्र्यांच्या रज्जूवर ठराविक उंचीवरून वजन टाकून प्रयोग केले. पहिल्या आघातानंतरही सूज आणि रक्तस्राव यांमुळे नुकसान तासन्‌तास वाढत राहते, ही कल्पना तिथून आली. हे दुसरे नुकसान थांबवता आले तर? मेथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या अमेरिकेतील चाचण्या याच आशेवर उभ्या होत्या. १९८४ च्या पहिल्या चाचणीत जास्त आणि कमी मात्रेत फरक दिसला नाही. १९९० च्या दुसऱ्या चाचणीत ४८७ रुग्ण होते. एकूण निकाल नकारार्थीच होता, पण इजेपासून ८ तासांच्या आत औषध मिळालेल्या गटात हालचालीच्या गुणांत थोडी वाढ आढळली. तेवढ्या आधारावर ते जगभर दिले जाऊ लागले, आणि न दिल्यास खटला होईल या धास्तीने देतो, असे कित्येक शल्यचिकित्सकांनी पुढे पाहण्यांत कबूल केले. निकाल हाती आल्यावर गटाचे तुकडे पाडत गेले की कुठे ना कुठे काहीतरी चांगले निघतेच, हा आक्षेप रास्त होता. त्यातच डोक्याच्या इजेवरील दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत २००४ मध्ये याच स्टेरॉइडने मृत्यू वाढल्याचे दिसले. २०१३ मध्ये अमेरिकी मेंदूशल्यचिकित्सकांच्या संघटनांनी हा उपचार करू नये असे सांगितले, तर २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने ८ तासांच्या आत २४ तासांपुरता पर्याय म्हणून त्याला जागा ठेवली. वाद पूर्ण मिटलेला नाही. जीएम-१ गँग्लिओसाइड या दुसऱ्या औषधाची गतही तशीच झाली : १९९१ मध्ये ३७ रुग्णांत आशादायक, पण सातशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीत मुख्य कसोटीवर अनुत्तीर्ण.

मोजायचे कसे?

इजेची तीव्रता ‘ए’ ते ‘ई’ अशा श्रेणींत मांडतात. ‘ए’ म्हणजे गुदद्वाराजवळच्या सर्वांत खालच्या भागातही संवेदना किंवा हालचाल नाही. शिवाय दोन्ही बाजूंचे दहा-दहा प्रमुख स्नायूगट ० ते ५ गुणांनी तपासून १०० पैकी बेरीज करतात. खरी अडचण पुढे आहे. काहीही विशेष न करता रुग्ण काही प्रमाणात आपोआप सुधारतात, आणि तेही मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत. सुरुवातीला ‘ए’ ठरलेल्यांपैकी सुमारे एक पंचमांश वर्षभरात वरच्या श्रेणीत जातात, तर ‘बी’ आणि ‘सी’ मधले त्याहून कितीतरी अधिक. म्हणून नियंत्रण गट (तुलनेसाठी तो उपचार न दिलेले रुग्ण) नसलेल्या, नुकत्याच जखमी झालेल्या रुग्णांवरच्या कोणत्याही उपचाराला यशाचा भास फुकटात मिळतो. पैसे घेऊन मूलपेशी टोचणाऱ्या दवाखान्यांच्या जाहिराती नेमक्या याच भासावर चालतात.

शस्त्रक्रियेच्या वेळेचा प्रश्नही असाच अडला. रज्जूवरचा दाब २४ तासांच्या आत काढला तर? २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३१३ रुग्णांच्या अभ्यासात सहा महिन्यांनी किमान दोन श्रेणींची सुधारणा लवकर शस्त्रक्रिया झालेल्या १९.८ टक्के आणि उशिरा झालेल्या ८.८ टक्के रुग्णांत दिसली. रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, आणि नीतीच्या दृष्टीने ती करणे अवघडच होते. तरीही लवकर शस्त्रक्रिया हा आज सर्वमान्य प्रघात आहे.

तंतू पुन्हा वाढवणे

प्रौढ मेंदू आणि रज्जूतील मार्ग स्थिर, संपलेले आणि अपरिवर्तनीय असतात, असे स्पॅनिश चेताशास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी लिहून ठेवले होते. १९८१ मध्ये सॅम्युएल डेव्हिड आणि आल्बर्ट अग्वायो यांनी उंदरांत पायाच्या नसेचा तुकडा पुलासारखा जोडला आणि रज्जूतील चेतातंतू त्यातून वाढत गेले. म्हणजे वाढण्याची क्षमता तंतूत होती, आड येत होता तो परिसर. झुरिकच्या मार्टिन श्वाब यांनी त्या परिसरातील नोगो-ए हे रोधक प्रथिन शोधले. त्याविरुद्धचे प्रतिपिंड पाठीतील सुईवाटे महिन्याभरात सहा वेळा देण्याची चाचणी मानेच्या ताज्या इजेच्या रुग्णांवर झाली. तिचा निकाल २०२४ च्या अखेरीस आला. प्लासिबोच्या (औषध नसलेल्या नकली मात्रेच्या) तुलनेत हातांच्या ताकदीत लक्षणीय फरक नव्हता. अपूर्ण इजेच्या रुग्णांत काही अनुकूल खुणा होत्या. पुन्हा उपगटच!

भ्रूण-मूलपेशींपासून बनवलेल्या पेशी माणसाच्या रज्जूत प्रथम टोचल्या गेल्या ऑक्टोबर २०१० मध्ये, अमेरिकेत. जेरॉन कंपनीने पुढच्याच वर्षी आर्थिक कारणाने तो कार्यक्रम गुंडाळला, तोवर विज्ञानाचा निकाल लागायचाच होता. जपानने डिसेंबर २०१८ मध्ये रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशी शिरेतून देण्याच्या उपचाराला सशर्त परवानगी दिली. आधार होता फक्त १३ रुग्णांचा, नियंत्रण गटाशिवाय, आणि त्यावर बरीच टीका झाली. कैओ विद्यापीठाने प्रेरित मूलपेशींपासून (प्रौढ पेशींना मूळ अवस्थेत परत नेऊन बनवलेल्या पेशींपासून) तयार केलेल्या चेतापेशींचे पहिले रोपण डिसेंबर २०२१ मध्ये केले. चारपैकी दोघांच्या हालचालीत सुधारणा झाल्याचे २०२५ मध्ये सांगण्यात आले. चार रुग्णांवरून सुरक्षिततेबद्दल थोडे बोलता येते, उपयोगाबद्दल नाही.

विजेचा मार्ग

सर्वाधिक हालचाल सध्या इथे आहे. ‘पूर्ण’ समजल्या जाणाऱ्या बऱ्याच इजांत काही तंतू शिल्लक असतात. त्यांचा संदेश क्षीण असतो आणि इजेखालचे मज्जाजाल (चेतापेशींचे जाळे) तो ऐकत नाही. रज्जूच्या आवरणावर बसवलेल्या इलेक्ट्रोडनी ते जाल जागे केले की क्षीण संदेशही पुरतो. लुइव्हिलच्या सुझन हार्केमा यांच्या गटाने २०११ मध्ये अशा रीतीने एका रुग्णाला उभे केले. २०१८ मध्ये लुइव्हिल, मेयो क्लिनिक आणि लोझान येथील गटांनी थोड्या रुग्णांना आधाराने पावले टाकताना दाखवले. यामागे महिनोन्‌महिने कसरत होती, हे चित्रफितीत दिसत नाही.

रुग्णांना काय हवे हे मात्र उशिराच विचारले गेले. किम अँडरसन यांच्या २००४ च्या पाहणीत ६८१ जणांनी उत्तरे दिली. हातपाय दोन्ही गेलेल्यांची पहिली पसंती हातांचे काम परत येण्याला होती, तर फक्त पाय गेलेल्यांची लैंगिक क्षमतेला. चालणे कुठल्याच गटात पहिले नव्हते. मानेच्या त्वचेवरून विद्युत्‌प्रवाह देणाऱ्या उपकरणाची ६० रुग्णांची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, तिचे लक्ष्य हातच होते. ७२ टक्के रुग्णांत ताकद आणि वापर या दोन्ही कसोट्यांवर सुधारणा नोंदली गेली. यातही खोट्या उपचाराचा गट नव्हता, पण इजा किमान वर्षभर जुन्या असल्याने आपोआप सुधारण्याचा संशय इथे पुष्कळ कमी होतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने उपकरणाला मान्यता दिली.