जगातल्या आगळ्यावेगळ्या दफनभूमी

काही जुन्या दफनभूमी मुद्दाम वाट वाकडी करून बघाव्यात अशा आहेत. त्यांचं वेगळेपण बहुतेक वेळा अडचणीतून आलंय, कुणी हौसेने केलेलं नाही.

प्रागची जुनी ज्यू दफनभूमी घ्या. इथला सगळ्यात जुना दगड 1439 चा आणि 1787 पर्यंत इथे दफन चालू होतं. जागा वाढवून मिळत नव्हती आणि ज्यू धर्मात जुनी कबर उकरायची नाही, मग करणार काय, जुन्या कबरींवर माती टाकून वर नवीन थर, काही ठिकाणी तर 12 थर झालेत. खालचे दगड दरवेळी वर आणून उभे केले म्हणून आज साधारण 12,000 दगड एकमेकांना टेकून वाकडेतिकडे दाटीवाटीने उभे दिसतात. जवळ जाऊन बघाच, शिंप्याच्या दगडावर कात्री कोरलेली असते, पुजारी घराण्यातल्या माणसाच्या दगडावर आशीर्वादाचे हात असतात.

पॅरिसचं उलटं झालं. शहरातल्या दफनभूमी भरून वाहायला लागल्या म्हणून 1804 मध्ये शहराबाहेर पेर लाशेज सुरू केली, पण एवढ्या लांब कोणी येईना. मग 1817 मध्ये नाटककार मोलिएरचे अवशेष म्हणून जे जपलं होतं ते इथे आणलं आणि त्यानंतर बड्या लोकांची रांग लागली. लेखक ऑस्कर वाइल्डच्या इथल्या कबरीवर लोक लिपस्टिकचे ठसे उमटवायचे, दगड खराब व्हायला लागला म्हणून 2011 मध्ये काच बसवली.

मला सगळ्यात जास्त आवडते ती रोमानियातल्या सापंत्सा गावची. स्तान इओआन पात्राश (1908–1977) या सुताराने 1935 च्या सुमारास ओकच्या निळ्या क्रॉसवर माणसाचं चित्र आणि खाली कविता कोरायला सुरुवात केली. कवितेत मेलेला माणूस स्वतःच बोलतो, दारू प्यायचो, मेंढ्या राखायचो, असं सगळं गावच्या बोलीत. खोटं कौतुक नाही, म्हणून माणूस खरा वाटतो. पात्राशने स्वतःचा क्रॉसही स्वतःच करून ठेवला होता, आता असे 800 च्या वर आहेत.

जपानमधल्या कोयासान या पवित्र डोंगरावरची ओकुनोइन मात्र देवदारासारख्या उंच झाडांच्या जंगलात आहे, 2 लाखांहून जास्त स्मारकं. कोयासानचा मठ स्थापन करणारे बौद्ध भिक्षू कोबो दाइशी 835 पासून इथे ध्यानातच आहेत अशी श्रद्धा, त्यांना आजही रोज दोन वेळा जेवण नेतात. औषध फवारून मारलेल्या वाळवीचंही स्मारक आहे इथे!

जाणार असाल तर प्रागची शनिवारी बंद असते, ओकुनोइनला शेवटच्या पुलापलीकडे फोटो काढू देत नाहीत, आणि पेर लाशेजमध्ये अजून अंत्यविधी होतात तेव्हा आवाज जपून.