ट्रॅक्टरचं तोंड वर का उठतं? हूकच्या उंचीचं गणित

गाळप हंगाम सुरू झाला की मोबाईलवर तेच तेच व्हिडिओ फिरायला लागतात. मागे उसाने खचाखच भरलेल्या दोन ट्रॉल्या, समोर चढ, आणि ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं रस्त्यापासून हातभर वर. खाली कमेंट ठरलेल्या, "नाद खुळा", "कसली ताकद आहे राव". मला हे बघितलं की पोटात गोळा येतो. पुढची चाकं हवेत म्हणजे स्टेअरिंग गेलं, आणि मागे दहा-बारा टन माल घेऊन चाललेलं ते धूड त्या क्षणी जवळजवळ कुणाच्याच ताब्यात नसतं. पंजाबात अशाच एका स्टंटमध्ये ट्रॅक्टरखाली सापडून माणूस गेला, मग २०२३ मध्ये तिथल्या सरकारने ट्रॅक्टर स्टंटवर बंदी घातली. आपल्याकडे उसाच्या रस्त्यावर हेच रोजच्या कामात चालतं आणि त्याला कुणी स्टंट म्हणत नाही.

बहुतेकांना वाटतं की ट्रॉलीचं वजन ट्रॅक्टरला मागे खेचतं म्हणून तोंड वर उठतं. अर्धवट बरोबर आहे. खरी गोष्ट मागच्या आसात घडते, आणि ती एकदा समजली की ट्रॅक्टरकडे बघायची नजरच बदलते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शाळेत न्यूटनचा तिसरा नियम शिकलोय, क्रियेला तेवढीच प्रतिक्रिया. इंजिन मागच्या चाकांना पुढच्या दिशेने फिरवतं, तेव्हा तेवढ्याच जोराने ट्रॅक्टरचं धड उलट्या दिशेने फिरायला बघतं, म्हणजे तोंड वर आणि शेपूट खाली. हा जोर किती असतो बघा. ४५-५० एचपीच्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, साधारण १८० न्यूटन-मीटर धरू. लो रेंजच्या पहिल्या गियरला इंजिन मिनिटाला २००० फेरे मारतं तेव्हा मागचं चाक जेमतेम १०-१२ फेरे मारतं, वेग जितका कमी झाला तितका टॉर्क वाढला, घर्षणात जातो तेवढा सोडला तरी आसावर २५ हजार न्यूटन-मीटरच्या वर. आणि २२०० किलोच्या ट्रॅक्टरचं तोंड उचलायला किती लागतो? पुढच्या चाकांवर ४० टक्के म्हणजे ८८० किलो, दोन आसांमधलं अंतर २ मीटर, गुणाकार करा, किलोचे न्यूटन करायला ९.८ ने गुणा, १७ हजार न्यूटन-मीटरच्या आसपास. म्हणजे लो गियरला इंजिनात स्वतःचंच तोंड उचलायची ताकद कायम असते. त्यामुळे जाहिरातीतल्या एचपीचा आकडा बघून "हा जास्त ओढेल" असं ठरवण्यात फारसा अर्थ नाही. ओढायचं किती ते टायरची पकड आणि पुढचं वजन ठरवतं.

मग रोज नांगरताना ट्रॅक्टर उलटा का होत नाही? कारण त्याआधी मागचं चाक घसरतं. मातीत चाक फिरलं की जोर तिथेच संपतो, तोंड खाली राहतं. घसरणारं चाक म्हणजे घरातल्या फ्यूजसारखं आहे, मोठं नुकसान व्हायच्या आधी ते आपणहून उडतं. सगळा प्रश्न एवढाच की तुमच्या जोडणीत आधी काय होईल, चाक घसरेल की तोंड उठेल. आणि हे ठरवते हूकची, म्हणजे ट्रॅक्टरला ट्रॉली जिथे अडकवतात त्या जागेची, उंची.

हिशोब सोपा आहे (बळही किलोतच सांगतो, समजायला बरं). ट्रॉली जितक्या किलोने ओढली जाते त्याला हूकच्या जमिनीपासूनच्या उंचीने गुणायचं, दोन आसांमधल्या अंतराने भागायचं, जे येईल तेवढं वजन पुढच्या चाकांवरून उठून मागच्या चाकांवर जातं. ओढ १५०० किलो आणि हूक ४५ सेंटिमीटरवर असेल तर ३३७ किलो गेले. हूक ९० सेंटिमीटरवर असेल तर ६७५. ट्रॅक्टर तोच, माल तोच, ड्रायव्हर तोच.

आता त्यात आपल्याकडची एक लाडकी सवय मिळवा. चाक घसरतंय म्हणून मागच्या टायरमध्ये पाणी भरतात, दोन्ही मिळून ३०० किलो धरू. पकड वाढते, खरं आहे, पण पुढच्या चाकांवर त्याने एक किलोही वाढत नाही, उलट फ्यूज काढून तिथे जाड तार घातल्यासारखं होतं. डांबरी रस्त्यावर पकड ०.८ धरून, म्हणजे मागच्या चाकांवरच्या वजनाच्या ८० टक्के ओढ झाली की चाक घसरतं असं धरून, मी हे मांडून बघितलं. हूक ४५ सेंटिमीटरवर असेल तर सुमारे १५८० किलोची ओढ लागली की चाक घसरतं, आणि तोपर्यंत पुढे सव्वापाचशे किलो शिल्लक असतात. हूक ९० वर नेला तर घसरायला २००० किलोच्या वर ओढ लागते, आणि त्याआधीच पुढचं वजन शून्य झालेलं असतं. हे सपाट रस्त्यावरचं, क्लच सावकाश सोडून. चढावर ट्रॅक्टरचं स्वतःचं वजनही मागे कलतं, वर क्लच झटक्याने सोडला तर बोलायलाच नको. साधारण नियम असा की ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा पाचवा हिस्सा तरी कायम पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, नाहीतर वळणावर स्टेअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जातो.

हूक खाली असण्याचा अजून एक फायदा आहे आणि मला तो फार आवडतो. मागचा आस जमिनीपासून ६५-७० सेंटिमीटरवर असतो. हूक त्याच्या खाली आणि मागे असेल तर तोंड जरा उठलं की हूक अजून खाली जातो, म्हणजे उंची कमी, म्हणजे उचलणारा जोरही कमी, जोडणी स्वतःला सावरते. हूक आसाच्या वर असेल तर ट्रॉलीची ओढ धडाला मागेच पाडते. फसलेली गाडी काढायला कुणी टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) ब्रॅकेटला साखळी अडकवतं ना, ते यासाठी जीवघेणं आहे. तसंच काळ्या रानात रुतलेल्या चाकाला लाकूड बांधून काढणं. चाक अडलं, फिरू शकत नाही, मग धड फिरतं, आणि एका सेकंदाच्या आत ट्रॅक्टर अशा कोनाला पोचतो की क्लच दाबूनही तो मागे यायचा थांबत नाही. तेवढ्या वेळात माणसाचा पाय क्लचपर्यंत जाईलच असं नाही. रुतला तर समोरून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढा, किंवा ट्रॉली सोडवा.

म्हणून ट्रॉली जोडायच्या आधी टेप घेऊन हूकची उंची मोजा. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली असते, त्याच्या वर जायचं नाही, ट्रॉलीची दांडी उंच येते म्हणून वेल्डिंगवाल्याकडून हूक वर करून घेणं तर नाहीच, बदलायची ती दांडी. बंपरला काळी बाहुली आणि लिंबू-मिरची बांधलेली असते, तिचा ट्रॅक्टर उलटण्याशी काडीचाही संबंध नाही, त्याच बंपरवर बिडाची वजनं लावा. १०० किलो वजन पुढच्या आसाच्या ६० सेंटिमीटर पुढे लावलं की पुढच्या चाकांवर १३० किलो वाढतात, कारण ते मागच्या चाकांवरचे ३० उचलून पुढे आणतं.

दोनचाकी ट्रॉली असेल तर ऊस कसा रचला यावर सगळं आहे. मोळ्या मागच्या बाजूला जास्त झाल्या तर दांडी वर उठते आणि ट्रॅक्टरची मागची चाकंच हलकी होतात, पकड जाते. फार पुढे भरला तर सगळा भार हूकवर येतो आणि तोंड हलकं होतं. भार ट्रॉलीच्या आसाच्या जरा पुढे राहील असा रचायचा. चारचाकीला हा प्रश्न नाही. पिनच्या जागी सळईचा तुकडा किंवा मिळेल तो बोल्ट घालू नका, भोकात ढिली पिन प्रत्येक धक्क्याला हातोडा मारते आणि एक दिवस तुटते. खाली लॉकची क्लिप, आणि दांडीखालून फुलीसारख्या दोन साखळ्या, पिन गेली तर दांडी रस्त्यात न घुसता साखळीवर झेलली जाते.

आता ब्रेक. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतो आणि ट्रॉलीला बहुतेक वेळा नसतोच. मागच्या चाकांवर १३०० किलो, पकड ०.७, म्हणजे थांबवणारा जोर ९०० किलोच्या आसपास. दोन भरलेल्या ट्रॉल्यांसकट सगळं मिळून १६ टन. ताशी २५ किलोमीटरवरून सपाट रस्त्यावर थांबायला ४० मीटरच्या वर अंतर लागतं, ड्रायव्हरला कळून पाय पडेपर्यंतचं वेगळं. आणि सतरा मीटरला एक मीटर असा उतार असेल, जो घाटात सहज असतो, तर तो ट्रॅक्टर ब्रेकवर थांबतच नाही. म्हणून उतारावर न्यूट्रल कधीच नाही, ज्या गियरने चढला असता त्याच गियरने उतरायचं, आणि तो उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. पायाशी ब्रेकचे दोन पेडल असतात, शेतात वळायला एकेक वापरतात, रस्त्यावर यायच्या आधी त्यांची पट्टी अडकवून ते एक करायचे. मागून ट्रॉली ढकलत असताना एकच बाजू दाबली गेली तर ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याला दुमडून टाकते.

नवी ट्रॉली बनवून घेणार असाल तर ओव्हररन ब्रेकची मागणी करा. ट्रॅक्टर हळू झाला की ट्रॉली पुढे ढकलते, त्याच ढकलण्याने दांडीतला सरकता दांडा आत जातो आणि लिंकमधून ट्रॉलीच्या चाकांचे ब्रेक लागतात, ट्रॅक्टरमधून पाईप ओढायची गरज नाही. रिव्हर्स घेताना मात्र तोच दांडा आत जाऊन ब्रेक लागतो, त्यामुळे साध्या बनावटीत रिव्हर्ससाठी लॉक द्यावा लागतो. कारखान्याच्या वजनकाट्यावर मागे घेताना घातलेला तो लॉक बाहेर पडताना काढलाय का, हे ड्रायव्हरने खाली उतरून बघायचं.