सुजलेला हात आणि अंगभर उठलेलं पित्त

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढताना आमच्यातल्या दोघांना मधमाश्या चावल्या. भाच्याला मनगटावर, सोसायटीतल्या काकूंना मानेमागे. एकेकच दंश. भाचा बोंबलला. काकू नुसत्या ‘आई गं’ म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी भाच्याचा हात कोपरापर्यंत फुगला. काकूंच्या मानेवर मात्र शेवटपर्यंत रुपयाएवढाच लाल डाग होता. तरी जिवावरचं प्रकरण काकूंचं होतं, भाच्याचं नव्हतं. सुजेचा आकार बघून घाबरायचं की नाही हे ठरवलं, की हमखास फसायला होतं.

भाच्याची सूज दंशापासून सुरू झाली आणि सलग पसरत गेली. अशी सूज १० सेंटीमीटरच्या पुढे जाऊ शकते, एक-दोन दिवस वाढते आणि ओसरायला आठवडा घेते. हीसुद्धा ॲलर्जीच, पण त्या जागेपुरती. अंगठी, कडं आधी काढा, बर्फाने शेका, हात उंच ठेवा, खाज सुटली तर सेटिरिझिन (ॲलर्जीची गोळी) घ्या. दुसऱ्या दिवशीची लाली बघून ‘पिकलंय’ म्हणत अँटिबायोटिक सुरू करण्याची घाई नको; पू झाला, ताप आला किंवा तीन-चार दिवसांनंतरही लाली वाढतच राहिली तर डॉक्टरांना दाखवा. चुना आणि लोखंड घासण्याबद्दल मी घरातल्या मोठ्यांशी वाद घालत नाही, फक्त आधी नांगी काढून घेतो. भाच्याची नांगी मी जवळून पाहिली: केसाएवढा काळा काटा, वर टाचणीच्या डोक्याएवढी पांढुरकी पिशवी, आणि ती पिशवी माशीशिवायही धडधडत होती. विष आत जातच असतं. त्यामुळे नखाने खरवडू की चिमटीत धरू हा विचार करण्यात वेळ घालवू नये. गांधीलमाशी सहसा नांगी मागे सोडत नाही. तिथे शोधत बसू नका.

आता काकू. दंशानंतर दहा मिनिटांत त्यांचे तळहात खाजायला लागले. मग पोटावर, मांड्यांवर पित्त उठलं. दंश मानेवर आणि गांधी पोटावर, खूण इथेच होती. पण आपल्याकडे पित्त म्हटलं की आमसूल आठवतं, आणि आमच्यातल्या एकीने ते पिशवीतून काढलंही. तोवर काकूंचा आवाज घोगरा झाला होता. ‘ऊन लागलं असेल’ म्हणत मी त्यांना उठून सावलीत चालायला सांगितलं. ती माझी चूक. दोन पावलांत त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

ही ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे अंगभर उसळणारी जीवघेणी ॲलर्जी. दंशाच्या जागेपासून दूर पित्त, ओठ-जीभ सुजणं, घशात आवळल्यासारखं होणं, धाप, उलट्या, पोटात कळ, चक्कर: यातलं काहीही बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत सुरू होतं. कधी अंगावर काहीच उठत नाही, थेट रक्तदाबच कोसळतो.

‘मला आधीही चावलीय, काही झालं नव्हतं’ हे काकूंनी दोनदा सांगितलं. त्याने निश्चिंत होऊ नये. आधीच्या दंशात काहींचं शरीर त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच अंगभर हिस्टामिनचा, म्हणजे खाज-सूज आणणाऱ्या रसायनाचा, भडका उडवतात. शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये हेच कुत्र्यांत पाहिलं: सागरी प्राण्याच्या विषाचा पहिला डोस पचवलेली कुत्री नंतरच्या अगदी थोड्या डोसाने दगावली. रिशेंना १९१३ चं नोबेल मिळालं.

इथे गोळीचा उपयोग नाही. सेटिरिझिन खाज कमी करतं. बंद होणारा घसा उघडत नाही, पडलेला रक्तदाब उचलत नाही. औषध एकच, ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. मोठ्या माणसाला साधारण ०.५ मिलिग्रॅम, गरज पडली तर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा. ते मिळेपर्यंत १०८ ला फोन, माणूस आडवा, पाय वर. दम लागत असेल तर टेकून बसवा, पण उभं करू नका, चालवू तर अजिबात नका.

दोन गोष्टी यात कुठेच बसत नाहीत. रसवंतीवर ग्लासातली माशी तोंडात गेली आणि घशाशी चावली, तर ॲलर्जी नसतानाही नुसत्या सुजेने श्वास अडू शकतो. आणि आग्या मोहोळ उठलं तर प्रश्न विषाच्या मात्रेचा होतो. डझनांनी दंश झाले असतील तर बरं वाटत असलं तरी दवाखाना गाठा, मूत्रपिंडाचा त्रास नंतर दिसतो. मोहोळ उठताच तोंड झाकून पळा. माश्या झटकू नका, कारण चिरडलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या आणखी चवताळतात. तो वास पिकल्या केळ्यासारखा असतो.

आम्ही काकूंना चादरीत घालून खाली आणलं आणि गाडीत मागच्या सीटवर आडवं केलं. इंजेक्शननंतर पंधरा मिनिटांत आवाज परत आला आणि त्या घरी जायला निघाल्या. डॉक्टरांनी सोडलं नाही. काहींना काही तासांनी तोच झटका पुन्हा येतो, म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. काकू माझ्यावरच चिडल्या, ओट्यावर दूध तसंच राहिलं होतं.