जांभळी पिशवी

पलंगाला टांगलेली लघवीची पिशवी एखाद्या सकाळी चक्क जांभळी दिसते, खानापूरच्या रानातल्या जांभळांचा रस भरून ठेवावा तशी. बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या वृद्धाश्रमात असं झालं की कुणी 'औषधांची गरमी' म्हणतं, कुणी पुण्यातल्या किंवा गोव्यातल्या मुलाला फोटो पाठवतं, कुणी मीठ-मोहऱ्या घेऊन आज्जींची दृष्ट काढायला बसतं. आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी अँटिबायोटिक सुरू केलेलं असतं. दृष्ट काढण्यात मोहऱ्या तेवढ्या वाया जातात. अँटिबायोटिकचा हिशोब इतक्या स्वस्तात मिटत नाही.

तो रंग म्हणजे नीळ. उपमा म्हणून नव्हे, खरोखरची नीळ. जिच्या सक्तीच्या शेतीविरुद्ध १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले, जीन्सच्या पँटी ज्यात रंगवतात, तोच रेणू. (पांढऱ्या कपड्यांना घालतो ती बाटलीतली नीळ वेगळी.) ती पिशवीत तयार कशी होते, हा प्रवास बघण्यासारखा आहे.

डाळ, दूध, शेंगदाणे यांच्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल असतं. एरवी ते बहुतेक लहान आतड्यातच शोषलं जातं. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं पोट चार-चार दिवस साफ होत नाही, आणि मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना उरलेल्या ट्रिप्टोफॅनवर ताव मारायला भरपूर वेळ मिळतो. ते त्याचं इंडोल करतात. इंडोल रक्तातून यकृतात जातं. यकृत त्याला आधी ऑक्सिजन आणि मग सल्फेटचं शेपूट जोडून इंडॉक्सिल सल्फेट बनवतं. ते पाण्यात विरघळतं, म्हणून मूत्रपिंडातून सहज लघवीत उतरतं. इथपर्यंत रंगाचा पत्ता नाही. हा पदार्थ थोडाफार तुमच्या-आमच्या लघवीतही असतोच.

पुढचं काम कॅथेटरमधले, म्हणजे लघवी काढायला मूत्राशयात घातलेल्या नळीतले, जिवाणू करतात. क्लेब्सिएला, प्रोटियस, प्रॉव्हिडेन्शिया अशा मंडळींकडे सल्फेटचं शेपूट कापणारं विकर (एन्झाइम) असतं. शेपूट गेलं की इंडॉक्सिल मोकळं होतं, आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने त्याचे दोन रेणू एकमेकांना जोडले जाऊन निळं इंडिगो तयार होतं. थोड्या रेणूंची जोडी वेगळ्या प्रकारे जमते आणि लाल इंडिरुबिन बनतं. निळा अधिक लाल म्हणजे जांभळा. इंडिरुबिन प्लॅस्टिकमध्ये मुरतं, इंडिगो आतल्या बाजूला चिकटतं. म्हणून पिशवी आणि नळी जर्द जांभळी असली, तरी आतली लघवी काचेच्या भांड्यात ओतली तर बऱ्याचदा नेहमीसारखीच दिसते. लघवी आम्लधर्मी न राहता अल्कधर्मी झाली असेल तर हे सगळं आणखी सोपं जातं. वैद्यकीय नियतकालिकांत या प्रकाराची नोंद १९७८ पासून आहे. करणी-बाधेला त्यात कुठे जागा उरत नाही.

आता इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरचं, म्हणजे संसर्ग पसरू नये हे बघणाऱ्या नर्सचं, काम सुरू होतं, आणि तिचा पहिला प्रश्न रंगाचा नसतोच. कॅथेटर घातल्यावर दर दिवशी लघवीत जिवाणू शिरण्याची शक्यता ३ ते ७ टक्के असते. म्हणजे महिनाभर नळी राहिली की जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जिवाणू सापडतात. नळीच्या आत त्यांचा बुळबुळीत थर बसतो. त्या थरात औषध नीट पोचत नाही. अशा माणसाचं कल्चर (लघवीतले जिवाणू वाढवून बघायची तपासणी) पॉझिटिव्ह येणारच. तो जिवाणूंच्या वसतीचा पुरावा असतो, आजाराचा नव्हे. गढूळ लघवी आणि उग्र वास यांचंही तेच. अशा वेळी अँटिबायोटिक दिलं तर साधे जिवाणू मरतात, चिवट उरतात, आणि खरा ताप येईल तेव्हा हाताशी औषध नसतं.

म्हणून सिस्टर चार गोष्टी बघते. ताप १०० फॅरनहाइटच्या वर, किंवा त्या व्यक्तीच्या नेहमीच्या तापमानापेक्षा १.५ सेल्सिअसने जास्त. हुडहुडी. बरगड्यांच्या खाली पाठीत नव्याने दुखणं. अचानक आलेला गोंधळ, म्हणजे काल नातवंडांची नावं घेणाऱ्या आज्जी आज खोली ओळखत नाहीत. नळी असलेल्या वृद्धांसाठीचे हे निकष २००१ पासून वापरात आहेत. यातलं एक जरी असलं तरी तातडीने डॉक्टर आणि लघवीची तपासणी. एकही नसेल तर पिशवी आणि नळी तपासायची, पोट साफ होण्याचं बघायचं आणि लक्ष ठेवायचं. तपासणीचा नमुना पिशवीतून कधीच घ्यायचा नाही. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर आधी ती बदलायची आणि नव्या नळीतून नमुना घ्यायचा, नाहीतर जुन्या थराचंच कल्चर होतं.

तरीही जांभळा रंग दुर्लक्ष करण्यासारखा नाही. अल्कधर्मी लघवीमागे पुष्कळदा प्रोटियस असतो. त्याचं युरिएज नावाचं विकर युरिया फोडून अमोनिया बनवतं. अमोनियाने लघवी आणखी अल्कधर्मी होते आणि मॅग्नेशियम, कॅल्शियम यांचे फॉस्फेट स्फटिक नळीच्या छिद्राशी साचतात, बंबाच्या नळीत क्षार साचतात तसे. नळी तुंबते आणि लघवी बाजूने गळू लागते. इथे हमखास होणारी चूक म्हणजे 'नळी लहान पडली' असं ठरवून जाड नळी घालणं. नळी तुंबलेली असली की मूत्राशय भरलेलं राहतं, लघवी उलटी मूत्रपिंडाकडे जाते. काढलेली नळी दोन बोटांत चोळून बघावी, वाळूसारखं करकरलं तर कारण कळलं. नळी किती दिवसांत तुंबते ते वहीत लिहावं आणि पुढची त्याआधीच बदलावी. जंतुनाशकाने मूत्राशय धुणं हा उपाय नव्हे, त्यात नळी आणि पिशवीची बंद जोडणी मात्र उघडली जाते.

बाकी काम रोजचं आणि रटाळ. पिशवी मूत्राशयापेक्षा खाली, पण जमिनीला न टेकता. ती पलंगाच्या चौकटीला अडकवायची, वर-खाली होणाऱ्या कठड्याला नाही. व्हीलचेअरवर नेताना ती मांडीवर ठेवली की साठलेली लघवी परत आत जाते. पिशवी दोन-तृतीयांश भरायच्या आत रिकामी करायची. आणि ती ज्यात ओतायची तो प्लॅस्टिकचा मग प्रत्येकाचा वेगळा. एकच मग पाच पलंगांवर फिरवणं हा एकाची वसाहत पाच जणांना वाटण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. मधे हातमोजे बदलणं आणि साबणाने हात धुणंही आलंच. जमिनीला फिनेलचा वास आला की स्वच्छता झाली, या समजुतीचा यातल्या कशाशीच संबंध नाही. सूचना मराठी आणि कन्नड दोन्हींत लावाव्यात, कारण हे मग धुणाऱ्या मावशी यातली एकच भाषा वाचत असतील.

अमेरिकेत नोव्हेंबर २०१९ पासून प्रत्येक नर्सिंग होमला संसर्ग रोखण्याचं काम बघणारा प्रशिक्षित माणूस, निदान अर्धवेळ तरी, नेमावाच लागतो. आपल्याकडच्या छोट्या आश्रमात औषधं वाटणाऱ्या सिस्टरलाच हे बघावं लागतं. तिला एक वही पुरते. रोज ठरलेल्या वेळी किती जणांना नळी आहे ते मोजायचं. पाच जण, तीस दिवस, म्हणजे १५० नळी-दिवस. त्यात खरा संसर्ग एक झाला तर दर हजार नळी-दिवसांमागे ६.७. आश्रम लहान असेल तर एका रुग्णानेही आकडा उडी मारतो, म्हणून तो सहा महिन्यांचा मिळून बघावा.

वहीतला सर्वांत उपयोगी रकाना मात्र 'नळी कशासाठी' हा. लघवी अडते, माकडहाडाशी मोठी जखम आहे, ही कारणं चालतात. जून ते सप्टेंबर खानापूर भागात पाऊस उघडत नाही, चादरी चार दिवस वाळत नाहीत, आणि त्या रकान्यात 'रात्री अंथरूण भिजतं' असं लिहिलेलं सापडतं. तिथे डॉक्टरांना विचारून नळी काढायची आणि आश्रमाच्या समितीकडे चादरींचा आणखी एक जोड आणि रात्रीसाठी डायपर मागायचे.