शारीरिक आजारांचे मज्जासंस्थेवरील परिणाम

यकृत, मूत्रपिंड, हृदय, फुप्फुसे, अंतःस्रावी ग्रंथी किंवा रक्त यांच्या आजारामुळे मेंदू, मज्जारज्जू आणि हातापायांतील मज्जातंतूंच्या कामात होणारे बिघाड. रुग्ण भ्रम, गुंगी, झटके, मुंग्या किंवा तोल जाण्याची तक्रार घेऊन येतो. मेंदूच्या स्कॅनमध्ये मात्र बऱ्याचदा काहीच सापडत नाही, कारण दोष रक्तात असतो.

मेंदूचे वजन शरीराच्या सु. २% असते, पण विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सु. २०% तो एकटा वापरतो. साठा जवळपास शून्य. रक्तपुरवठा थांबला तर १० सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपते आणि ४ ते ६ मिनिटांनंतर पेशी कायमच्या मरू लागतात. ग्लुकोजच्या बाबतीतही तो असाच परावलंबी आहे. म्हणून अचानक गोंधळलेल्या किंवा बेशुद्ध रुग्णात इतर काहीही करण्याआधी बोटाला टोचून रक्तातील साखर पाहतात. ती ७० मिग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या खाली घसरली की घाम आणि थरथर सुरू होते. आणखी खाली गेली की जीभ अडखळते, माणूस विचित्र वागतो. क्वचित एका बाजूचे हातपाय लुळे पडतात आणि पक्षाघात समजून धावपळ होते. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर तो ‘पक्षाघात’ उतरतो.

दारूचे व्यसन, उपासमार किंवा सततच्या उलट्या यांचा इतिहास असेल तर ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) द्यावे लागते. ग्लुकोज वापरण्यासाठी पेशींना थायमिन लागते. उरलासुरला साठा त्यात खर्ची पडला की भ्रम, डोळ्यांच्या हालचाली अडणे आणि चालताना झोकांड्या जाणे ही लक्षणे उमटतात. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये हा विकार वर्णन केला. अर्थात साखर धोकादायक पातळीवर असेल तर थायमिनची वाट पाहत ग्लुकोज अडवून ठेवायचे नसते.

यकृत निकामी होऊ लागले की आतड्यात तयार होणाऱ्या अमोनियाचे युरिया होत नाही. तो मेंदूत पोहोचतो, तेथील तारकापेशी (मज्जापेशींना आधार देणाऱ्या पेशी) त्याचे ग्लुटामिन हे अमिनो आम्ल करतात आणि स्वतः सुजतात. सुरुवातीच्या खुणा घरच्यांनाच आधी दिसतात : दिवसा झोप, रात्री जाग, बिघडलेली सही, क्षुल्लक कारणावरून चिडचिड. तपासताना रुग्णाला दोन्ही हात पुढे धरून मनगटे वर वळवायला आणि बोटे फाकवायला सांगतात. काही सेकंदांत मनगटातला जोर क्षणभर सुटतो, पंजा खाली पडतो आणि झटक्याने पुन्हा वर येतो. हीच खूण मूत्रपिंड निकामी झाल्यावर किंवा रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यावरही दिसते, त्यामुळे तेवढ्यावरून यकृताला दोष देता येत नाही.

यकृताच्या रुग्णात ही गुंगी उद्भवण्यामागे बद्धकोष्ठता, पोटातील रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पोटॅशियम घटणे किंवा झोपेची गोळी यांपैकी एखादे निमित्त बहुधा सापडतेच. ते न शोधता केलेला उपचार अर्धवट राहतो. दिवसातून २ ते ३ वेळा मऊ शौच होईल इतके लॅक्टुलोज (पोट साफ करणारे औषध) देतात. जास्त झाले तर जुलाब होऊन पाणी घटते, सोडियम बिघडते आणि रुग्ण उलट अधिक गुंगतो. प्रथिने बंद करण्याचा जुना सल्ला आता टाकून दिला पाहिजे : अशा रुग्णाला रोज दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत, नाहीतर अमोनिया हाताळणारे स्नायूच झडतात.

सोडियमच्या बाबतीत आजाराइतकाच धोका उपचारातही असतो. रक्तातील प्रमाण १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर असते. ते झपाट्याने १२० च्या खाली गेले तर मेंदू सुजतो, झटके येतात. अशा वेळी ३% मिठाचे पाणी १०० ते १५० मिलि. या मात्रेत १० ते २० मिनिटांत देतात. पातळी ४ ते ६ मिलिमोलने चढली तरी झटके सहसा आवरतात. घसरण ४८ तासांहून जुनी असेल, तर पेशींनी आतले क्षार बाहेर टाकून जुळवून घेतलेले असते. आता घाईने सोडियम वाढवले की मज्जातंतूंवरील आवरण उखडते, विशेषतः मेंदूच्या देठात. रुग्ण आधी सुधारतो आणि २ ते ६ दिवसांनी त्याचे बोलणे, गिळणे, हातपाय बंद पडू लागतात. म्हणून २४ तासांत ८ ते १० मिलिमोलांची मर्यादा पाळतात आणि दर काही तासांनी रक्त तपासतात.

मधुमेहात सर्वांत लांब तंतू आधी झिजतात, त्यामुळे बधिरता पायाच्या बोटांपासून वर चढते. तळव्याला १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा वाकेपर्यंत टेकवून ही संवेदना तपासतात. तो जाणवत नसेल तर जखम होऊनही रुग्णाला कळणार नाही. ब-१२ च्या कमतरतेत मज्जारज्जूचा मागचा भाग बिघडतो, अंधारात किंवा डोळे मिटून उभे राहताना तोल जातो. येथे फॉलिक आम्ल एकटे देणे घातक : रक्तक्षय सुधारतो, मज्जारज्जूचे नुकसान मात्र चालूच राहते. थायरॉइड मंदावल्यास घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया होते, पण पाऊल जागेवर यायला रेंगाळते. हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे डाव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) रक्ताची गुठळी होते आणि पक्षाघाताची शक्यता सु. ५ पटींनी वाढते. वृद्धांत न्यूमोनिया किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग तापाऐवजी बरळण्यानेच प्रकट होऊ शकतो. मूत्रपिंड कमजोर असताना गॅबापेंटिन, बॅक्लोफेन किंवा सेफेपिम यांसारखे औषध नेहमीच्या मात्रेत दिले तर ते शरीरात साचते. त्यातून आलेली गुंगी आजाराची समजली जाते.

कर्करोगाची तऱ्हा निराळी. गाठीविरुद्ध बनलेली प्रतिपिंडे (शरीराची रोगप्रतिकारक प्रथिने) मज्जापेशींवर उलटतात. फुप्फुसाच्या लघुपेशी कर्करोगात मांड्यांतील बळ जाते आणि थोड्या हालचालीनंतर ते तात्पुरते परत येते. गाठ सापडण्याच्या कित्येक महिने आधी ही लक्षणे दिसू शकतात, त्यामुळे पहिला स्कॅन निर्दोष असूनही संशय दाट असेल तर दर ४ ते ६ महिन्यांनी, निदान २ वर्षे, पुन्हा तपासणी करतात.